गच्चीवरची टाकी आणि एक ॲप: वर्गात इंजिनीअरिंग शिकवायचं ते असं

शाळांमध्ये साहित्य येऊ लागलं आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब, म्हणजे हातानं वस्तू घडवून शिकायच्या प्रयोगशाळा, सुरू झाल्या, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळालं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिकच्या आधीपासूनच कोडिंग शिकवायचं ठरवलं. अर्डुइनो (सेन्सर जोडून प्रोग्रॅम करता येणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आले, सेन्सर आले, काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटरही आला. आता त्यांचं करायचं काय, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या शिक्षकांपुढे तसाच आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या तासाला एक एलईडी लुकलुकतो, मग तयार कोड उतरवून घेतला जातो, विज्ञान प्रदर्शनाच्या आधी थर्माकोलवर मॉडेल उभं राहतं आणि प्रदर्शन संपलं की ते कपाटावर जाऊन बसतं.

यात कष्ट कमी पडतात असं नाही. गडबड क्रमाची आहे. आधी सगळं शिकवायचं आणि मग बक्षीस म्हणून प्रोजेक्ट द्यायचा, असा आपला क्रम असतो. माझं म्हणणं असं, की प्रोजेक्ट आधी आला पाहिजे. काम करताना मूल जिथे अडतं तिथे त्याला धडा हवासा वाटतो. म्हणून मुलं कुठे अडतील हे आधी ओळखून ठेवणं आणि तिथे हवा तेवढाच धडा देणं, हे शिक्षकाचं सगळ्यात मोठं काम आहे. हे नुसतं तत्त्व म्हणून पटत नाही, म्हणून एकच प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू: शाळेच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे हे फोनवर सांगणारं ॲप. आठवी-नववीच्या वर्गाला हे झेपतं.

सुरुवात फोनपासून करायची नाही, माणसापासून करायची. शाळेत मोटर कोण लावतं? बहुतेक शाळांत शिपाईमामा. मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावं आणि विचारावं, "मामा, टाकी भरली हे तुम्हाला कसं कळतं?" उत्तर बहुधा असं येईल, की पाणी गच्चीवरून खाली पडायला लागलं की कळतं, किंवा जिन्यानं वर जाऊन झाकण उघडून बघावं लागतं. मग पुढचा प्रश्न: "फोननं तुम्हाला नेमकं काय सांगावं?" मुलांच्या डोक्यात तोवर सुंदर निळा आलेख, टक्केवारी, पाण्याच्या लाटांचं ॲनिमेशन असं बरंच काही असतं. मामांना हवी असते मोटर बंद करायच्या वेळी वाजणारी मोठी घंटा. वापरणाऱ्याची गरज आणि बनवणाऱ्याची हौस यांतलं हे अंतर मुलांनी स्वतः अनुभवावं. पाच मिनिटांच्या त्या गप्पांतून ते जेवढं कळतं तेवढं पाठातून कळत नाही.

यानंतरही लगेच संगणक उघडू नये. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर ॲपचे पडदे पेन्सिलीनं काढायचे. एका मुलानं फोन व्हायचं, मामांनी कागदावरच्या बटणावर बोट ठेवायचं, की ‘फोन’नं पुढचा कागद समोर धरायचा. मामा भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात तेव्हा बटण कुठे हवं होतं हे सगळ्या गटाला दिसतं. व्यावसायिक ॲप बनवणारे लोकही हेच करतात, कारण कागद फाडून नवा घेणं कोड फाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता मोजमाप. टाकीतलं पाणी न शिवता किती खोल आहे हे कसं कळेल? नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनी आहे. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मूळ आवाजात आणि त्याच्यात ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणून डोंगर किमान १७.२ मीटर लांब हवा, हे गणित मुलांनी परीक्षेसाठी सोडवलेलं असतं. एचसी-एसआर०४ नावाचा काहीशे रुपयांच्या आत मिळणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर तेच करतो. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पाठवतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. कानाला ०.१ सेकंद लागतो, इलेक्ट्रॉनिक्सला मायक्रोसेकंद पुरतात. त्यामुळे दोन सेंटिमीटरवरची वस्तूही त्याला कळते. धड्यातल्या १७.२ मीटरचं कारण डोंगरात नसून आपल्या कानात होतं, हे इथे अनेकांना पहिल्यांदा लक्षात येतं.

समजा सेन्सर टाकीच्या झाकणाखाली बसवला आहे आणि तिथून तळ १२० सेंमी खोल आहे. प्रतिध्वनीला ५८०० मायक्रोसेकंद लागले. वीस अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.०३४३ सेंमी. गुणाकार केला की १९९ सेंमी येतात. पण आवाज जाऊन परत आला आहे, म्हणून निम्मे: ९९.५. पाणी उरलं २०.५ सेंमी. दोननं भागायचं निम्मी मुलं विसरतील आणि त्यांच्या ॲपला पाणी टाकीच्या तळाच्याही खाली दिसेल. विसरू द्या. पट्टी घेऊन वर जाऊन मोजलं की चूक स्वतःच पकडली जाईल.

दुसरी अडचण जास्त मौजेची आहे. आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या गच्चीवर टाकीतली हवा ४० अंशांवर गेली, की वेग ३५५ होतो. तेच ५८०० मायक्रोसेकंद आता १०३ सेंमी सांगतात. पाणी २०.५ नव्हे, १७ सेंमी आहे. टाकीचा व्यास ११० सेंमी असेल तर एका सेंटिमीटर उंचीत सुमारे साडेनऊ लिटर मावतात. हे वृत्तचितीचं घनफळ, तेही मुलांना येतं. म्हणजे तापमान न धरल्यामुळे ३३ लिटरांची चूक झाली. आता वर्गाला विचारायचं: ३३ लिटर म्हणजे जास्त की कमी? घंटा वाजवायची असेल तर चालून जाईल. पाणी मोजून वाटायचं असेल तर चालणार नाही, तापमानाचा सेन्सरही जोडावा लागेल. किती अचूकता पुरे, हे काम कशासाठी आहे त्यावर ठरतं. गणिताच्या पेपरात हा प्रश्न कधी विचारला जात नाही. इंजिनीअरला तो रोज पडतो.

खऱ्या टाकीवर गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचतात आणि उघडा सेन्सर काही दिवसांत वेडंवाकडं वाचायला लागतो. त्यासाठी पाण्यात टिकणारे सेन्सर मिळतात, पण त्यातल्या नेहमीच्या प्रकाराला जवळचं दिसत नाही, साधारण २० ते २५ सेंमीपर्यंत तो आंधळा असतो. टाकी काठोकाठ भरत आली की नेमकं तेव्हाच त्याचं वाचन भरवशाचं राहत नाही. काय करावं? सेन्सर पाइपच्या तुकड्यावर उंच बसवायचा, की २५ सेंमी आधीच ‘भरली’ म्हणायचं आणि सुमारे २४० लिटरांची जागा सोडून द्यायची? पहिल्याला झाकण कापावं लागेल, मुख्याध्यापकांची परवानगी लागेल. दुसऱ्यात पाणी कमी साठेल, ज्या गावात दिवसाआड पाणी येतं तिथे ते परवडणार नाही. दोन गटांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत, कारणं नीट मांडली असतील तर.

एखादा गट म्हणेल, ॲप कशाला, टाकीत तरंगणारा फ्लोट स्विच आणि खाली बझर पुरे. या गटाला गप्प बसवू नका. मामांच्या गरजेला ते कदाचित सगळ्यात चांगलं उत्तर असेल आणि सगळ्यात स्वस्तही. त्यांनी ते बांधावं, आणि बाकीच्या गटांनी आपल्या ॲपमध्ये बझरपेक्षा जास्त काय आहे हे सिद्ध करावं.

आता फोन. एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे ॲप बनवायचं साधन इथे उपयोगी पडतं. २०१० मध्ये गूगलनं ते लोकांपुढे आणलं, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले प्राध्यापक हॅल ॲबेलसन त्या कामाच्या मुळाशी होते. २०१२ पासून ते एमआयटी चालवते. ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. एका पानावर बटणं, अक्षरं, चित्रं मांडायची. दुसऱ्या पानावर रंगीत ठोकळे एकात एक अडकवून वागणूक ठरवायची. फोनवर त्याचं सोबती ॲप घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला, की इकडे ठोकळा हलवताच तिकडे फोनवर बदल दिसतो. मुलांचा जीव अडकतो तो इथे.

या ठोकळ्यांत एक विचार दडलेला आहे आणि तो सावकाश समजावायला हवा. गणिताचं उदाहरण पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सरळ चालतं. ॲप तसं चालत नाही. ते वाट बघत बसतं. जेव्हा बटण दाबलं जाईल तेव्हा हे कर. जेव्हा एक सेकंद होईल तेव्हा ते कर. जेव्हा ब्लूटूथ तुटेल तेव्हा अमुक दाखव. आधी काय घडेल हे वापरणारा ठरवतो. म्हणून मुलांना सुरुवातीलाच एक तक्ता करायला लावावा: काय काय घडू शकतं आणि प्रत्येक वेळी आपण काय करणार. ‘ब्लूटूथ जोडलंच नाही आणि बटण दाबलं’ ही ओळ या तक्त्यात सहसा कुणीच लिहीत नाही, आणि ॲप पहिल्यांदा तिथेच कोसळतं.

अर्डुइनोला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं की तो दर सेकंदाला फोनकडे आकडा पाठवू शकतो. (हे जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ असल्यानं अँड्रॉइड फोनच घ्यावा.) जोडताना ओहमचा नियम कामाला येतो: अर्डुइनो ५ व्होल्टनं बोलतो, मॉड्यूलच्या ऐकणाऱ्या पिनला ३.३ व्होल्ट हवेत, म्हणून एक आणि दोन किलोओहमचे रोध लावून व्होल्टेज वाटून घ्यायचं. पुढे एक विचित्र प्रकार होतो. अर्डुइनो ९९, १००, १०१ पाठवतो आणि फोनवर कधी ९९१, कधी ००, कधी १०११० असं काहीतरी उमटतं. मॉड्यूल बिघडलेलं नसतं. फोनकडे एकामागून एक नुसती अक्षरं येत असतात, एक आकडा कुठे संपतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक आकड्यानंतर ‘ओळ संपली’ अशी खूण पाठवायची आणि ती दिसेपर्यंत वाचत राहायचं असं फोनला सांगायचं, की प्रश्न सुटतो. दोन यंत्रांनी आधी आपसात नियम ठरवून घेणं यालाच प्रोटोकॉल म्हणतात. इंटरनेट उभं आहे ते अशाच नियमांवर. ही व्याख्या आधी फळ्यावर लिहिली असती तर मुलांनी ती पाठ केली असती; एक तास ९९१ बघून वैतागल्यावर त्यांना तिची गरज कळलेली असते.

माझ्या मते या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा क्षण यानंतर येतो आणि शिक्षकानं तो मुद्दाम घडवून आणावा. सगळं चालू असताना सेन्सरची प्रतिध्वनीची वायर हळूच काढा. अर्डुइनोवर प्रतिध्वनीचा वेळ मोजणारी जी नेहमीची आज्ञा आहे, तिला काहीच ऐकू आलं नाही तर ती शून्य हा आकडा देते. शून्य वेळ म्हणजे शून्य अंतर. शून्य अंतर म्हणजे पाणी थेट सेन्सरला टेकलेलं. टाकी कोरडी ठणठणीत आहे आणि ॲप आनंदानं सांगतं: शंभर टक्के भरली! मामा मोटर लावत नाहीत, दुपारी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं. कोडमध्ये एकही चूक नाही, गणितही बरोबर आहे, तरीही यंत्र खोटं बोललं. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांत फरक असतो, आणि यंत्राला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला शिकवावं लागतं. सेन्सरकडून अशक्य आकडा आला तर ॲपनं टक्केवारी दाखवूच नये, ‘सेन्सर तपासा’ म्हणावं. विमानापासून रुग्णालयातल्या मॉनिटरपर्यंत सगळीकडे हा प्रश्न आहे, आणि तो नववीतल्या मुलाला एका वायरीत समजतो.

मोटर चालू असताना पाणी हेलकावतं, त्यामुळे आकडे उड्या मारतात. सरासरी घेतली तर एक भलता आकडा सगळ्यांना ओढून नेतो. पाच वाचनं घेऊन चढत्या क्रमानं लावली आणि मधलं उचललं, तर भलता आकडा आपोआप कडेला पडतो. नववीच्या गणितातला मध्यक तो हाच, आणि तो सरासरीहून वेगळा का शिकवतात याचं कारण आता हातात आहे. तसंच घंटेचं. ‘९० टक्क्यांच्या वर गेलं की वाज’ एवढंच सांगितलं तर पाणी ८९ आणि ९१ मध्ये डोलत असताना घंटा वाजत-थांबत राहते. उपाय म्हणजे दोन रेषा: ९०ला वाज, आणि पाणी ८०च्या खाली जाईपर्यंत पुन्हा वाजू नकोस. घरातला फ्रिज याच रीतीनं सुरू-बंद होतो.

एक मर्यादा मी कधीच ओलांडू देणार नाही. ॲपनं मोटर आपोआप चालू-बंद करावी असा हट्ट मुलं धरतील. मोटर २३० व्होल्टची असते आणि तिच्या शेजारी पाणी असतं. शालेय प्रोजेक्टमध्ये ॲपनं सांगावं, बटण माणसानं दाबावं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातलं संशोधन सोडून ते तिथे गेले आणि मुलांना गावाच्या खऱ्या कामांतून शिकवू लागले: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. पुढे ही पद्धत माध्यमिक शाळांत गेली, जिथे मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेर पहिल्या काही फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळा, उभ्या राहिल्या, त्यांत पाबळ होतं. तिथलं काम गावकऱ्यांच्या उपयोगाचं असतं, म्हणून ते नीट व्हावंच लागतं. बाकी प्रोजेक्टांत बहुधा ही अट नसते. जगात गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सिमूर पॅपर्ट यांनी १९६७ साली सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली, तीही याच विश्वासावर: मूल दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू घडवतं तेव्हा ते सगळ्यात खोल शिकतं. आणि मुंबईत धारावी डायरी या उपक्रमातल्या मुलींनी ॲप इन्व्हेंटर वापरून ॲप बनवली, त्यांतलं एक सार्वजनिक नळावर पाणी भरायची पाळी आली हे कळवणारं होतं. तो विषय कुठल्या पुस्तकानं त्यांना दिला नव्हता.

वर्ग चालवण्याबद्दल दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. चार जणांचा गट केला की एक हुशार मुलगा कीबोर्ड धरून बसतो आणि मुलींच्या वाट्याला सुबक अक्षरात जर्नल लिहिणं येतं. हे आपोआप सुधारत नाही. जोडणी, कोड, चाचणी आणि नोंदी ही चार कामं दर आठवड्याला सक्तीनं फिरवावी लागतात, मग वेग कमी झाला तरी चालेल. आणि गुण देताना ‘चालतं का?’ एवढंच बघू नये. तयार कोड उतरवलेलंही चालतं. त्याऐवजी गटातल्या कुणालाही उभं करून विचारा: नव्वदच का, पंच्याण्णव का नाही? मग सगळ्यांच्या देखत एक वायर काढा आणि बिघाड कुठे आहे हे कसं शोधणार ते विचारा. ज्यानं बांधलं आहे तो आधी सेन्सरचा कच्चा आकडा बघेल, मग अर्डुइनोनं काय पाठवलं, मग फोनला काय पोचलं. ज्यानं उतरवलं आहे तो सगळं बंद करून परत चालू करेल.

तुमच्या शाळेत लॅब नसेल तर थांबू नका, आणि असेल तरी पहिल्या आठवड्यात कपाट उघडू नका. एक लांब काठी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन मुलांनी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दर तासाला टाकीतलं पाणी मोजावं आणि आलेख काढावा. मधल्या सुट्टीनंतर रेषा किती खाली येते, रात्रीतून किती पाणी आपोआप कमी होतं, हे सगळं त्यात दिसेल. शाळा बंद असताना पाणी कमी होत असेल तर कुठला तरी नळ किंवा पाइप गळतो आहे. तसं असेल तर ॲपच्या आधी तो दुरुस्त करावा आणि मुलांनी ते दुरुस्तीचं काम शेजारी उभं राहून पाहावं. मग सेन्सर मागवावा.